बावीस चटया

रविवारी सकाळी नऊला मी कुलूप काढते.
किल्ली माझ्याकडं, कारण पाळक हुबळीला गेले
आणि जाताना ती माझ्या सुपात ठेवून गेले,
पानांवर, तंबाखूवर.
"सालोमीबाई, बघा हं."
एवढंच. काय बघायचं ते सांगितलं नाही.

निपाणीत, वखारीच्या मागं, पत्र्याची खोली.
भिंतींना बारा महिने तपकिरीचा वास.
पहिली शिंक प्रार्थनेच्या आधी,
दुसरी आमेनच्या नंतर.
चटया बावीस. माणसं एकेकाळी जास्तच,
पोरं मग आयांच्या मांडीवर.

मग गल्लीनं एक कागद लिहिला.
खाली सह्या, काही मराठीत, काही कन्नडमध्ये.
सीमेचं राहू दे, नळाच्या पाण्यावरही
आमच्या गल्लीत दोन्हीकडचं कधी एक झालं नव्हतं.
मग एका रात्री पत्र्यावर दगड.
मग मालक म्हणाला, प्रार्थना करा, आवाज नको.
शांतवनचं लग्न ठरलं, तो यायचा थांबला.
एस्तेर शिवणकामाला इचलकरंजीला गेली.
भांडून कुणीच गेलं नाही.
दोऱ्याचं रीळ संपतं तसे संपले,
शेवटच्या वेढ्यापर्यंत कळत नाही.

घरी नवरा विचारतो, आज किती जण?
मी म्हणते, पुरेसे.
तो हसतो. वाईट नाही हसत.
तेच जास्त लागतं.

मागच्या महिन्यात कारखान्यात
माझ्या हजारातल्या दीडशे विड्या छाटीत गेल्या.
तपासणारा चिमटीत धरायचा आणि टाकायचा,
धरायचा आणि टाकायचा.
त्याला ना राग, ना लोभ.
घरी येताना वाटलं,
वरसुद्धा असाच कुणी बसला असेल
आणि आमची खोली त्याच्या छाटीत गेली असेल तर?
हे मी कुणाला बोलले नाही.
त्या रविवारी प्रार्थनेतही नाही.
त्याला ठाऊक असेल तर असेल.

परवाच्या रविवारी कुणीच आलं नाही.
याकोबमामासुद्धा नाहीत, त्यांचा गुडघा.
मी बावीसच्या बावीस चटया अंथरल्या.
का, ते विचारू नका.
विड्या वळणारा हात आहे,
पंचवीसचा कट्टा पुरा झाल्याशिवाय
दोरा तोडत नाही.

बसले. नेहमीचं गाणं म्हटलं
ओठातल्या ओठात, मालकाच्या अटीप्रमाणं.
दुसऱ्या कडव्याला शब्द अडला.
हे गाणं एकटीनं कधी म्हणावंच लागलं नव्हतं;
अडलं की शेजारचं कुणीतरी पुढं न्यायचं.

तेवढ्यात दारात गंगव्वा.
मालकाची आई. कागदावर पहिला अंगठा तिचाच.
उंबऱ्याच्या बाहेर बसली, अडकित्ता काढला,
सुपारी कातरत म्हणाली,
"घरात लाईट गेलीय. हितं वारं येतंय."
वारं नव्हतं.
वर पत्रा तापत होता, टक्, टक्.
मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता,
"अडकलीस व्हय? धा वर्सं ऐकतीया भिंतीपल्याडनं.
गप्प झालासा तवापास्नं झोपच येत नाही."

आणि तिनं पुढची ओळ उचलली.
शब्द नव्हते, नुसती चाल,
तीही एका जागी चुकलेली.
मी बघतेय म्हटल्यावर थांबली.
"होगली बिडू," म्हणाली, आणि परत सुपारी.

आत नाही आली. विश्वास म्हणावं असं
तिच्या तोंडावर काहीही नव्हतं.
सुपारी संपली तशी गुडघ्यावर हात टेकून उठली,
कागदाचं काही बोलली नाही, मीही नाही.

चटया गुंडाळल्या. हजेरीची वही काढली.
उंबऱ्याबाहेरचं माणूस धरायचं की नाही,
हे पाळकांनी सांगितलेलं नाही.
बराच वेळ तशीच बसले.
मग लिहिलं, दोन.
पेन्सिलीनं.